स्थाननिरपेक्ष यंत्रसंकेत आणि त्याची किंमत

सामायिक लायब्ररीची मेमरीत एकच प्रत ठेवून ती अनेक प्रोग्रॅमनी वापरायची, तर ती प्रत्येक प्रोग्रॅमच्या पत्त्यांमध्ये वेगळ्या ठिकाणी बसू शकते, हे गृहीत धरावे लागते. त्यामुळे तिच्या यंत्रसंकेतात कोणताही पक्का पत्ता लिहून ठेवता येत नाही. लायब्ररी मेमरीत भरताना लोडरने पत्ते दुरुस्त करावेत, हा जुना उपाय येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण दुरुस्त केलेले पान त्या एकाच प्रोग्रॅमचे होऊन बसते. लिनक्सच्या आरंभीच्या काळात प्रत्येक लायब्ररीला ठरावीक पत्ता आधीच वाटून दिला जाई, आणि ते वाटप सांभाळणे हेच एक वेगळे काम होऊन बसे. सनओएस ४.० ने १९८८ मध्ये आणि पुढे ईएलएफ या फाइल-रचनेने वेगळी वाट रूढ केली, ती म्हणजे सूचनांचे पान कोठेही ठेवले तरी जसेच्या तसे चालावे, अशा बेताने कंपायलरनेच संकेत लिहावा.

सूचना आणि डेटा यांच्यातील अंतर लिंकरच्या टप्प्यावर कायम होते, म्हणून चालू सूचनेचा पत्ता कळला की बाकीचे बेरजेने निघते. इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरवर मात्र तो पत्ता थेट वाचणारी सूचनाच नव्हती. तेव्हा कंपायलर एका चिमुकल्या फंक्शनला हाक मारी. हाक मारताना परतीचा पत्ता स्टॅकवर आपोआप ठेवला जातो, तो हे फंक्शन ईबीएक्स रजिस्टरमध्ये उचलून घेई आणि लगेच परते. युक्ती मोठी देखणी खरी, पण मोजक्या आठ रजिस्टरांपैकी एक तिच्यापायी अडकून पडे.

लायब्ररीबाहेरच्या नावांसाठी ग्लोबल ऑफसेट टेबल असते. प्रत्येक प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटामध्ये असलेल्या या तक्त्यात लोडर खरे पत्ते भरतो आणि संकेत ते तेथून वाचतो. फंक्शनांसाठी जोडीला प्रोसीजर लिंकेज टेबल येते. पहिल्या हाकेला त्यातील नोंद लोडरकडे वळते, लोडर नाव शोधून पत्ता तक्त्यात लिहितो आणि पुढच्या हाका तक्त्यातून थेट फंक्शनकडे जातात.

२००३ मध्ये बाजारात आलेल्या एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरांनी चालू सूचनेपासूनचे अंतर सूचनेतच लिहिण्याची सोय दिली. दोन्ही दिशांना सुमारे २ जीबीपर्यंत ते पुरते. हल्लेखोराला पत्ते ओळखता येऊ नयेत म्हणून मुख्य प्रोग्रॅमही दर वेळी वेगळ्या जागी भरण्याची पद्धत त्यानंतर परवडू लागली, आणि अँड्रॉइड ५.० ने तर ती सक्तीची केली.

उरलेला खर्च पत्त्यांच्या गणिताचा नाही. ईएलएफच्या नियमानुसार लायब्ररीतील खुले फंक्शन बाहेरचा प्रोग्रॅम त्याच नावाच्या दुसऱ्या फंक्शनने बदलू शकतो. म्हणून जीसीसी स्थाननिरपेक्ष संकेत तयार करताना त्याच फाइलमधील शेजारच्या खुल्या फंक्शनचा मजकूरही हाकेच्या जागी सहसा उतरवत नाही, आणि ती हाक तक्त्यामार्गे जाते. ही मुभा फार थोड्यांना लागते, भुर्दंड मात्र सगळ्यांना पडतो. पायथन ३.१० ची सामायिक बांधणी करताना जीसीसीला ही शक्यता सोडून देण्याची आज्ञा दिली गेली, तेव्हा इंटरप्रिटर ३० टक्क्यांपर्यंत वेगवान झाला. सी किंवा सी++ मध्ये लायब्ररी लिहिणाऱ्यांनी बाहेर द्यायची नावे तेवढी खुली ठेवावीत आणि बाकीची सारी लपवण्याचा पर्याय पहिल्या बांधणीपासूनच चालू करावा.