काडतूस कोणाच्या ताब्यांत?

हातानें बोल्ट मागेंपुढें करून चालविण्याच्या रायफली बाहेरून पाहतां सारख्याच दिसतात. मूठ उचलावी, मागें ओढावी, पुढें लोटावी, खालीं दाबावी. पेटींतून एक काडतूस वर येऊन नळीच्या कोठींत बसतें. परंतु पेटी सुटल्यापासून कोठींत पोहोंचेपर्यंत काडतूस कोणाच्या ताब्यांत असतें, या एका प्रश्नावरून या रायफलींचे दोन वंश झाले आहेत.

पहिला वंश जर्मनीच्या पॉल माउझर याचा. जर्मन सैन्यानें १८९८ सालीं स्वीकारलेल्या त्याच्या रायफलींत बोल्टच्या अंगास एक लांब पोलादी आंकडा असतो. काडतूस पेटींतून निघतांच त्याच्या बुडाची कड या आंकड्याखालीं शिरते, व तें बाहेर फेकलें जाईपर्यंत आंकडा त्यास सोडीत नाहीं. दुसऱ्या वंशांत, उदाहरणार्थ अमेरिकेंतील रेमिंग्टन कंपनीच्या १९६२ सालच्या ७०० क्रमांकाच्या रायफलींत, बोल्ट काडतुसास नुसता मागून ढकलतो. तेथील लहानसा आंकडा बोल्ट पुरता मिटतांनाच कडेवर चढतो.

निवांतपणें निशाण मारणाऱ्यास हा फरक जन्मांत जाणवावयाचा नाहीं. भीतीनें हात लटपटला म्हणजे मात्र तो दिसतो. शिकाऱ्यानें बोल्ट बराच पुढें नेऊन गडबडींत तसाच परत ओढला, तर माउझर पद्धतींत काडतूसही बोल्टबरोबर मागें येऊन बाहेर पडतें. ढकलपद्धतींत तें पुढेंच राहतें, आणि दुसऱ्या खेपेस निघालेलें काडतूस त्याच्या बुडाशीं जाऊन अडतें. श्वापद वीस पावलांवर असतांना हा गुंता बोटांनीं सोडवीत बसणें कोणास परवडेल? १९०७ सालीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस बक्षीस मिळालेली रिग्बी रायफल माउझर बनावटीचीच होती.

मग ढकलपद्धति निघालीच कां? स्वस्ताई हें एक कारण खरें. पण तेवढेंच नव्हे. कड खालून शिरावी म्हणून माउझरच्या बोल्टचें तोंड एका बाजूनें उघडें ठेवावें लागतें. रेमिंग्टनचें तोंड काडतुसाच्या बुडास सभोंवार वेढून बसतें. काडतूस फाटलेंच तर तप्त वायूस मागें येण्याची वाट कमी. शिवाय तींत एकेक काडतूस हातानें कोठींत टाकून बोल्ट लावतां येतो. मूळ माउझरींत असें केल्यास आंकडा मोडण्याची भीति असते.

विंचेस्टर कंपनीनें १९३६ पासूनची आपली ७० क्रमांकाची रायफल १९६४ सालीं ढकलपद्धतीवर नेली, तेव्हां गिऱ्हाइकें बरींच रुष्ट झालीं. जुन्या बनावटीस चढी किंमत येऊं लागली. (त्या रोषांत कामाचा सुबकपणा गेल्याचाही वांटा होता.) १९९० नंतरच्या दशकांत कंपनीनें तो आंकडा परत आणला.

भारतांत १९७२ च्या कायद्यापासून शिकारीचा प्रश्न बहुतेक मिटलाच. आफ्रिकेंत रेड्यामागें जाणाऱ्यानें माउझर वंशाचीच रायफल घ्यावी; निशाणबाजीस दुसरी अधिक सोयीची. हरणापुरती कोणतीही चालेल, वांचलेला पैसा सरावाच्या काडतुसांवर खर्चावा. मात्र विक्रेत्याच्या शब्दावर जाऊं नये. बिनदारूचें काडतूस पेटींत घालून बोल्ट सावकाश अर्ध्याहून पुढें न्यावा, न मिटतां मागें ओढावा, आणि काडतूस मागें येतें कीं पुढें पडून राहतें तें पाहावें.