मलिद्यानंतरची काळजी



परिचारिका म्हणून माझे आयुष्य रुग्णशय्येपाशी गेले. तरी एक चूक मी निवृत्तीनंतर केली. दिमोनात राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले, तेव्हा घरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा झाला. "सुटलीस बाई, आता आनंदात राहा," असे मी तिला म्हणाले. त्यानंतर कित्येक आठवडे तिला झोप नव्हती आणि माझ्या त्या वाक्यामुळेच तिने मला ते सांगितले नाही.

असे का व्हावे? उपचार चालू असताना दर आठवड्याला डॉक्टर भेटतात, घरचे सोबत असतात. उपचार संपले की माणसे आपापल्या कामाला लागतात आणि भय एकटे उरते. पाठ दुखली तरी "पुन्हा आला की काय?" असे वाटते, तपासणीची तारीख जवळ आली की अन्न गोड लागत नाही. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरांना स्वतःला कर्करोग झाला होता. १९८५ साली त्यांनी लिहिलेल्या लेखात या प्रवासाचे तीन ऋतू सांगितले आहेत. त्यांतील दुसरा ऋतू, म्हणजे उपचारानंतरचा काळ, मुख्यतः पुनरुद्भवाच्या भीतीचा असतो. ही भीती म्हणजे कृतघ्नता नव्हे, की श्रद्धेची उणीवही नव्हे. आजाऱ्यासाठी आपण जी मी शेबेराख प्रार्थना म्हणतो, तीतही आत्म्याचे आरोग्य शरीराच्या आधी मागितले जाते.

थकलेल्या माणसाला बेरशेबापर्यंतचा प्रवासही जड जातो. अशा वेळी दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून मानसोपचार घेता येतो. ठरलेल्या दिवशी, सुमारे पाऊण तास, तोच समुपदेशक बोलतो. तो "काळजी करू नका" असे म्हणत नाही. काळजीला वेळ व मर्यादा घालण्यास शिकवतो. कोणते लक्षण किती दिवस टिकल्यास डॉक्टरांना कळवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायला लावतो, म्हणजे प्रत्येक दुखण्याशी रात्रभर झगडावे लागत नाही. सोडून दिलेली कामे, चालणे, शेजारणीकडे जाणे, हळूहळू पुन्हा सुरू करवतो.

काही गोष्टी मात्र पाळाव्यात. खोलीचे दार बंद असावे. पडद्यावर चेहरा दाखवणे नको वाटल्यास नुसता आवाज पुरतो. आपण कोठून बोलत आहोत, हे प्रारंभीच सांगावे, म्हणजे प्रसंग पडल्यास मदत पाठवता येते. मराठी जाणणारा समुपदेशक मिळेल का, हे कुपत खोलिममध्ये विचारावे. न मिळाल्यास दुभाषी मागावा. मुलाला वा सुनेला दुभाषी करू नये. त्यांच्यासमोर आई खरे बोलत नाही.

मन किती जड आहे, हे मोजण्याची एक सोपी रीत कर्करोग विभागांत वापरतात. गेल्या आठवड्यातील त्रासाला ० ते १० यांपैकी आकडा द्यावयाचा. ४ किंवा अधिक आल्यास अधिक चौकशी आवश्यक समजावी.

आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये. एरान संस्थेच्या १२०१ या क्रमांकावर अहोरात्र ऐकणारे माणूस असते. जिवाला तत्काळ धोका असल्यास १०१ वर रुग्णवाहिका बोलवावी. शब्बाथ असला तरी दूरध्वनी उचलावा. पिक्कूआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, शब्बाथाहून मोठे आहे.

माझी जाऊ आता दर बुधवारी समुपदेशिकेशी बोलते. भीती पूर्ण गेलेली नाही, पण झोप परत आली आहे. मीही "सुटलीस" म्हणणे सोडले आहे. फोन केला की विचारते, "आज आकडा किती गं?" आणि ती खरा आकडा सांगते.

आपल्या घरीही कोणी असा ऋतू काढत असेल. मलिद्याचे ताट उचलल्यावर महिन्याभराने त्या व्यक्तीला एक फोन जरूर करावा.