जुना ट्रॅक्टर तापतोय? पाणी ओतण्याआधी ऑईल बघा



मळणी, नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर सलग चालतो आणि नेमका तेव्हाच टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत जातो. "जुना झालाय, तापणारच" असं म्हणून पाणी ओतत काम रेटू नका. आज बेल्ट किंवा होज पाईपवर भागणारं काम उद्या इंजिन उतरवण्यावर जातं, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो.

*काटा चढला तर लगेच काय करायचं?*

▪️ नांगर उचला, पीटीओ बंद करा. वाफ किंवा गळती नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू ठेवा. काटा उतरला नाही तर बंद करा.
▪️ वाफ निघाली, पाणी सांडलं किंवा ऑईलचा दिवा लागला तर जागेवरच बंद. "बांधापर्यंत नेतो" हे नको.
▪️ गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच उकळतं पाणी तोंडावर, हातावर उडतं.
▪️ तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.

*दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनवर तपासा*

१) *ऑईलची पट्टी (डिपस्टिक):* ट्रॅक्टर सपाट जागी हवा. पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि मग बघा.

▪️ ऑईल नुसतं काळं आहे: घाबरू नका. डिझेल इंजिनात ऑईल बदलल्यावर लवकरच काळं पडतं.
▪️ ऑईल दुधाळ, चहासारखं झालंय: पाणी ऑईलमध्ये उतरलंय. हेड गॅस्केट, लायनरची रबरी रिंग किंवा हेडला तडा, यापैकी काहीतरी असू शकतं. *इंजिन चालू करू नका.* गॅरेजला न्यायचा तर ओढून न्या. अशा ऑईलवर बेअरिंग टिकत नाहीत.
▪️ ऑईल न घालता पातळी वाढलीय, पातळ झालंय, डिझेलचा वास येतो: डिझेल ऑईलमध्ये मिसळतंय. फीड पंप, डिझेल पंप आणि नोझल तपासून घ्या. दुरुस्तीनंतर ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला.
▪️ पातळी कमी, सायलेन्सरमधून निळसर धूर: ऑईल जळतंय. पिस्टन रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजलेत.
▪️ पातळी कमी, पण निळा धूर नाही: खालून गळती बघा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय ते कळेल.

लक्षात ठेवा, इंजिनची बरीच उष्णता ऑईलही वाहून नेतं. रेडिएटर भरलेला असूनही ऑईल कमी असेल तर इंजिन तापतं. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईलही भरू नका, फेस होतो.

२) *रेडिएटर:* समोरच्या जाळीत आणि पत्र्यांत भुसा, किडे अडकलेत का? पंख्याच्या बाजूकडून बाहेर हवा किंवा साधं पाणी मारा. फार जोराचा फवारा नको, पत्रे वाकतात. मळणी चालू असताना जाळी दिवसातून दोन-तीनदा झाडा, इंजिन बंद करूनच.

३) *बेल्ट आणि पाईप:* बेल्ट सैल, चकचकीत किंवा तडकलेला असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप नीट फिरत नाही. होज पाईप दाबून बघा. फुगलेला, मऊ पडलेला पाईप बदला.

४) *बुडबुडे:* ऑईल दुधाळ नसेल तरच ही तपासणी करा. *थंड इंजिनवर* झाकण काढा, पाणी पूर्ण भरा आणि इंजिन चालू करा. गमछा, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. गॅस्केट किंवा हेड तपासायला लागेल. इंजिन गरम होण्याआधी बंद करा.

*कधी तापतो, त्यावरून अंदाज*

▪️ फक्त लोडवर तापतो: जाळी, बेल्ट किंवा आतून क्षार धरलेला रेडिएटर.
▪️ चालू केल्यावर थोड्याच वेळात तापतो: थर्मोस्टॅट अडकलाय किंवा पाण्याचा पंप गेलाय.
▪️ बाहेर गळती नाही तरी रोज पाणी कमी, गरम झाल्यावरही पांढरा धूर: पाणी आत जळतंय.

*गॅरेजमध्ये हे सांगा*

▪️ थर्मोस्टॅट काढून टाकू देऊ नका. उकळत्या पाण्यात टाकून बघायला सांगा. उघडला नाही तर नवीन बसवा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नेहमी थंड राहतं, ऑईल खराब होतं, झीज वाढते.
▪️ गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का, तडा आहे का, हे तपासून घ्या. नाहीतर नवी गॅस्केटही उडते.
▪️ बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. डब्यावरच्या प्रमाणात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरा.

ऑईल किती तासांनी बदलायचं ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आहे. तासांचं मीटर बंद असेल तर वहीत तारीख, कामाचे तास, आणि ऑईल-पाणी किती घातलं ते लिहा. पाच ओळींच्या त्या नोंदीवरून मिस्त्रीला अर्धं दुखणं कळतं.

शंका असेल तर ग्रुपवर ट्रॅक्टरचं मॉडेल, कधी तापतो ते आणि ऑईलच्या पट्टीचा फोटो टाका. ट्रॅक्टर ड्रायव्हर चालवत असेल तर हा मेसेज त्यालाही आजच पाठवा.