शोक खरा, रुग्ण कल्पित

मे २००१ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात राहणारी केसी निकोल ही एकोणीस वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत अखेर निवर्तली, अशी वार्ता आली, तेव्हा जिची दैनंदिनी इंटरनेटवर नित्यनेमाने वाचली, जिला भेटवस्तू पाठविल्या, जिचा आवाजही कोणी कोणी दूरध्वनीवर ऐकला होता, तिच्यासाठी दूरदूरच्या मुलुखांतील माणसांनी घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला. पण अंत्यविधीचा ठावठिकाणा कोणाला लागेना, मृत्यूची नोंद कोणत्याच दप्तरी सापडेना. आणि थोड्याच दिवसांत उघड झाले, की छायाचित्रे भलत्याच मुलीची होती, आणि काही शाळकरी मुलींनी रचलेले हे पात्र एका मध्यमवयीन स्त्रीने हाती घेऊन, स्वतः तिची आई म्हणून वावरत, जगविले होते.

या वर्तनाची वैद्यकीय पूर्वपीठिका जुनी आहे. पोटावर शस्त्रक्रियांचे व्रण घेऊन, कल्पित व्याधी सांगत एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरणाऱ्यांचे वर्णन रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्याने १९५१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केले आणि अद्भुत थापांबद्दल प्रसिद्ध असलेल्या बॅरन मुंचाउसेनचे नाव त्या विकारास दिले, त्याच्या इंटरनेटवरील रूपाचे नामकरण मनोविकारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० साली केले. खोटा दाखला हजर करून रजा मंजूर करवून घेणारा कारकून आणि हा विकार जडलेला मनुष्य यांत मोठा भेद आहे: कारकुनाला रजा हवी असते, याला आजारीपणच हवे असते, कारण आजाऱ्याच्या उशाशी जी माया न बोलावता येऊन बसते, ती धडधाकट माणसाच्या वाट्यास येत नाही, अशी त्याची, बहुधा स्वतःलाही न उमगलेली, धारणा असते. पूर्वी त्यासाठी देहावर शस्त्र चालवून घ्यावे लागे. आता शब्द पुरतात.

वारंवार मृत्यूच्या दारी जाऊन चमत्काराने परतणे, मंडळींचे लक्ष दुसऱ्याकडे वळताच प्रकृती ढासळणे, ही फेल्डमन यांनी नोंदविलेली लक्षणे उपयुक्त खरी; तथापि खरा कर्करोगही असाच उलटतो, म्हणून हौशी शोधकांच्या उत्साहाची मला धास्ती वाटते. सोंग उघडे पडलेल्या व्यक्तीलाही उपचारांची गरज आहे, हे संतापाच्या भरात कोणाच्या ध्यानी राहत नाही. मागे उरतो तो संशय, आणि त्याची झळ निरपराधांना लागते. केमोथेरपी घेऊन घरी आलेली, रात्री डोळ्याला डोळा न लागलेली एखादी बाई चार ओळी लिहावयास बसते, आणि आपली वेदना आहे तशी लिहिली तर ती कोणास बनावट वाटेल का, या विचाराने एकेक वाक्य खोडीत जाते.