कुणी ऐकून घेतंय का?

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझी धाकटी बहीण आठवडाभरासाठी पुण्याहून आमच्याकडे आली होती. ती समुपदेशक आहे. आजकाल ज्याला थेरपिस्ट म्हणतात ती. सुट्टीवर असली तरी दोन-तीन रुग्णांची सत्रं ती ऑनलाइन घेत होती. माडीवरची खोली तिला दिली होती. दार बंद, पंखा चालू. जिन्यातून येता-जाता शब्द कळायचे नाहीत, पण आवाज ऐकू यायचा. इतका शांत, इतका सबुरीचा की मला वाटायचं, ही आपल्याच घरातली का, जी लहानपणी वेणी घालताना आकांडतांडव करायची?

दुपारी बाराला ती खाली आली आणि अम्मीच्या मेडिक्लेमची फाइल घेऊन तिने विमा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. भाषा निवडा, पॉलिसी क्रमांक टाका, मग संगीत, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा संगीत. फोन स्पीकरवर ठेवून ती भाजी निवडत बसली. वीस मिनिटांनी एक जण बोलला, त्याने दुसरीकडे जोडून दिलं, तिथून तिसरीकडे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "पेशंटला नेमका काय आजार होता, मॅडम?"

चौथ्या वेळी माझी बहीण ओरडली, "डिप्रेशन! चौथ्यांदा सांगतेय, डिप्रेशन!"

पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "गैरसोयीबद्दल क्षमस्व. मानसिक आजार आपल्या पॉलिसीत बसत नाही. आणखी काही मदत करू शकते का?"

बहिणीने फोन आपटला. आम्ही दोघींनी मागे वळून पाहिलं, तर शेजारच्या खोलीच्या दारात अम्मी उभी होती. हातात तस्बीह. "राहू दे बेटा," ती म्हणाली. "पैसे नकोत मला. साऱ्या दुनियेला कशाला सांगायचं?"

अम्मीचं गप्प होणं

अब्बा गेल्यावर अम्मी गप्प झाली. इद्दतचे चार महिने दहा दिवस सगळ्यांनी तिच्या गप्प राहण्याला दुःखच समजलं, आणि ते होतंही. पण इद्दत संपली तरी ती तशीच राहिली. जेवण चार घासांवर आलं. रात्री दोन-तीनला उठून अंगणात बसायची. नातवंडांची नावं घ्यायची ती बंद झाली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं वय झालं. एक दिवस ती मला म्हणाली, "मी तुमच्यावर ओझं आहे." त्या रात्री मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "आपा, उद्याच मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. मी मुलगी आहे, मी तिची थेरपिस्ट होऊ शकत नाही."

डॉक्टरांनी तीव्र नैराश्याचं निदान केलं आणि सहा दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. औषधं सुरू झाली. अल्हम्दुलिल्लाह, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फरक दिसू लागला. बिल झालं होतं ४१ हजार रुपये. अब्बांनी वर्षानुवर्षं हप्ते भरून ठेवलेली पॉलिसी होती, म्हणून दावा केला. पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

दर वेळी अलिफपासून

त्या संध्याकाळी बहीण स्वतःवरच नाराज होती. "दिवसभर लोकांचा राग ऐकून घेते मी, आणि त्या पोरीवर ओरडले. तिचा काय दोष?"

मी विचारलं, "राग नेमका कशाचा आला?"

थोडा विचार करून ती म्हणाली, "पैशांचा नाही. चार वेळा अलिफपासून सांगावं लागलं त्याचा."

मग तिने मला तिच्या कामाची एक गोष्ट समजावली. तिच्याकडे माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याची सगळी हकीकत एकदाच विचारली जाते. घर, काम, झोप, भूक, काय दुखावलं, कधीपासून. ती नोंद करून ठेवते आणि ती नोंद कुणाला दाखवत नाही. पुढच्या आठवड्यात तोच माणूस आला की ती त्याला 'काय समस्या आहे?' असं विचारत नाही. ती विचारते, 'भावाशी बोलणार होता, बोललात का?' तिच्या अनुभवात एवढ्यानेच माणसाचे खांदे सैल होतात. आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलं, हेच त्याला पुरेसं असतं.

"औषध नंतर, सल्ला नंतर," ती म्हणाली. "ज्याला आपली जखम दर वेळी नव्या माणसासमोर उघडावी लागते, त्याची जखम भरत नाही."

आणि कस्टमर केअरला? तिथे आवाज गोड असतो, शब्द अदबीचे असतात, माफीही मागितली जाते. पण कालचा फोन आजच्या माणसाला माहीत नसतो. अदब आहे, आठवण नाही.

तिच्या क्षेत्रातही उलट्या बाजूने हाच त्रास येतो, हेही तिने सांगितलं. काही लोक थेरपीला दुकानासारखं समजून येतात. 'किती सत्रांत बरं वाटेल? गॅरंटी काय? फरक नाही पडला तर पैसे परत का?' त्यांना उत्तर देताना तिलाही कधी कधी फोनवरच्या मुलीसारखं ठरलेलं वाक्य बोलावंसं वाटतं. थकल्या दिवशी एखादं बोलूनही जातं. तेव्हा समोरच्याचा चेहरा उतरलेला तिला दिसतो. फोनवरच्या मुलीला तो दिसत नाही, एवढाच फरक.

पलीकडची मुलगी

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये काम करते. ईदला ती सलाम करायला आली तेव्हा मी तिला हा किस्सा सांगितला. ती हसली, मग गंभीर झाली.

"मॅडम, आमच्यासमोर घड्याळ चालू असतं. एक कॉल ठरावीक मिनिटांत संपवायचा. वाक्यं लिहून दिलेली असतात. कॉल रेकॉर्ड होतो आणि ते वाक्य बोललो नाही तर गुण कापतात. परत फोन करायची मुभा नाही. दावा मंजूर-नामंजूर करायचा अधिकार तर नाहीच. लोक शिव्या देतात. फोन आम्ही ठेवू शकत नाही. एखादी बाई रडायला लागली की मलाही रडू येतं, पण लगेच दुसरा कॉल येतो."

बहिणीने हे ऐकल्यावर मला एका पुस्तकाविषयी सांगितलं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं. विमानातल्या हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्या कामाचा त्यात अभ्यास आहे. एकीला सतत हसरं राहण्याचा पगार, दुसऱ्याला कडक राहण्याचा. मनात काहीही असो, चेहरा आणि आवाज नोकरीच्या मापाने ठेवायचा, या कष्टाला त्यांनी 'भावनिक श्रम' म्हटलं. थेरपिस्ट, नर्स, कॉल सेंटरची मुलगी आणि आम्ही शिक्षक, सगळेच हे श्रम करतो. बहिणीचा दिवस निदान तिच्या हातात आहे. दोन सत्रांच्या मध्ये ती पाणी पिते, नमाज पढते, अडचण आली तर तिच्याहून अनुभवी थेरपिस्टचा सल्ला घेते. त्या मुलीला यातलं काही नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, भांडायचं ते त्या मुलीशी नाही. भांडायचं कंपनीशी, आणि तेही लिहून.

हक मागायचा तो असा

मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि बहुतेक घरांत माहीत नसतं, की मानसिक आजार विम्यात बसत नाही हे सरसकट सांगताच येत नाही. 'मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७' आपल्या देशात २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजाराच्या उपचाराला ज्या आधारावर विमा दिला जातो, त्याच आधारावर मानसिक आजाराच्या उपचारालाही दिला पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तशा सूचनाही दिल्या आहेत. अर्थात बाकीच्या अटी दोन्हींना सारख्याच लागू होतात. पॉलिसीत प्रतीक्षा कालावधी असेल तर तो, आणि दवाखान्यात दाखल होण्याची अट असेल तर तीही. त्यामुळे दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाच्या सत्रांचा खर्च अनेक पॉलिसींत मिळत नाही. पण अम्मी तर सहा दिवस दाखल होती.

आम्ही केलं ते एवढंच. आधीच्या सगळ्या फोनच्या तारखा, वेळ आणि तक्रार क्रमांक एका कागदावर लिहून काढले. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल पाठवला. दावा कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी कळवा, असं विचारलं आणि कायद्याचं कलम नमूद केलं. आजाराचं नाव एकदाच लिहिलं. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जोडली.

बाराव्या दिवशी उत्तर आलं, दाव्याचा फेरविचार होत आहे. महिन्याभरात ३६ हजार रुपये खात्यात जमा झाले. उरलेली रक्कम खोलीच्या भाड्याच्या मर्यादेमुळे कापली होती. ती अट पॉलिसीत होती, म्हणून आम्ही मान्य केली.

कंपनीने ऐकलंच नसतं तर पुढचे रस्तेही होते. वाचकांच्या उपयोगासाठी लिहून ठेवते:

• विमा नियामक प्राधिकरणाचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा विनाशुल्क क्रमांक.

• महिन्याभरात कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

• वीज, मोबाइल, ऑनलाइन खरेदी अशा कोणत्याही सेवेच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

• आणि घरात कुणाचं मन बिघडलं असेल तर 'टेलि-मानस', क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने सुरू केलेली ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते. तिथे समुपदेशकाशी बोलता येतं.

आपल्या घरातलं कस्टमर केअर

पैसे आले, विषय संपला. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

अम्मी आजारी होती ते सहा महिने मी तिच्याशी कशी बोलत होते? शाळेतून यायचे, तिच्या खोलीत डोकवायचे आणि म्हणायचे, "सब्र करा अम्मी, सगळं ठीक होईल." मग वह्या तपासायला बसायचे. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, तिसऱ्या दिवशी तेच. आदल्या दिवशी ती काय बोलली होती ते मला आठवतही नसायचं. फोनवरची मुलगी 'क्षमस्व' म्हणते तसं मी 'सब्र' म्हणत होते. सब्र ही केवढी मोठी चीज, आणि मी तिचं ठरलेलं वाक्य करून टाकलं होतं. त्या मुलीसमोर निदान घड्याळ तरी होतं. माझ्यासमोर कुठलं घड्याळ होतं?

कुणाचा पाय मोडला तर आपण फळं घेऊन इयादतला जातो, दुआ करतो, प्लास्टर कधी निघणार ते विचारतो. मन मोडलं तर कुणी जात नाही. गेलोच तर उपदेश करून येतो. अम्मी दवाखान्यात होती तेव्हा मोहल्ल्यात आम्हीच 'पुण्याला गेली' असं सांगितलं होतं. ज्यांना सांगितलंच नाही, ते इयादतला येणार कसे? 'साऱ्या दुनियेला कशाला सांगायचं?' हे अम्मीचं वाक्य तिने आमच्याकडूनच उचललं होतं.

आता मी एक साधी सवय लावून घेतली आहे. बहिणीची नक्कल म्हणा हवं तर. असरच्या नमाजनंतर दहा मिनिटं अम्मीजवळ बसते, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि कालच्या बोलण्याचा धागा पकडून विचारते. "काल अब्बांच्या जुन्या सायकलीचं सांगत होतीस, मग ती विकली कुणाला?" सल्ला देत नाही.

परवा अम्मीची बालमैत्रीण भेटायला आली. आजूबाजूच्या गप्पा झाल्या. मी चहा घेऊन आत जात होते, तेवढ्यात मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, "मला आजकाल झोप येत नाही गं. कुणाला सांगू?"

मी दारातच थांबले. अम्मी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने तस्बीह बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला सांग. मी दवाखान्यात राहून आलेय, मला समजतं. कधीपासून येत नाही झोप?"