कोयनेचा धक्का आणि हातातला खेळ

११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे चारच्या सुमारास कोयनानगरची भूमी हादरली, तेव्हा १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या पोटातील गॅलरीत बसविलेल्या त्वरणलेखक यंत्राने आपले काम इमानाने बजावले आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट धक्का बसल्याची नोंद मागे ठेवली. भूकंपात धरण कसे वागते याचा विचार करणारे जगभरचे अभियंते आजही या दस्तऐवजाचा दाखला देतात. आणि मुंबई इलाख्याच्या अमदानीत १९१६ साली सुरू झालेल्या, पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्रात तर कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास हा जुनाच विषय आहे.

त्या यंत्राचे आणि दिवाळीच्या सुटीत पुण्यातील दिवाणखान्यांतून मुले टीव्हीसमोर हवेत फिरवितात त्या खेळाच्या रिमोटचे तत्त्व एकच आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. स्प्रिंगला बांधलेले वजन, भोवतालची चौकट हलली की, जडत्वामुळे क्षणभर मागे राहते. किती मागे राहिले, त्यावरून त्वरणाचा हिशेब लागतो. निन्टेंडोने २००६ साली बाजारात आणलेल्या 'वी'च्या रिमोटमध्ये हे वजन, स्प्रिंगा आणि सारा सरंजाम सिलिकॉनच्या सूक्ष्म चकतीत कोरलेला होता. दोन फण्यांचे दाते एकमेकांत शिरावेत तशा त्यातील पट्ट्या असतात. वजन सरकले की त्यांच्यातील अंतर बदलते, अंतराबरोबर विद्युतधारकता बदलते, आणि तोच फरक आकड्यांच्या रूपाने यंत्राच्या दप्तरी दाखल होतो. मौज अशी की मेजावर स्वस्थ पडलेला रिमोट एक गुरुत्वत्वरण दाखवितो आणि हातून निसटून खाली पडत असलेला जवळजवळ शून्य!

मात्र त्वरणावरून वेग आणि वेगावरून स्थान काढू गेल्यास मूळची किंचित चूक क्षणाक्षणाला वाढत जाते, म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो. टीव्हीजवळच्या पट्टीतील अवरक्त दिवे रिमोटच्या टोकाचा कॅमेरा पाहतो व रोख कोठे आहे ते ठरवितो. ती पट्टी स्वतः काहीच टिपत नाही. तिच्या जागी दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी भागते. मनगटाचा पीळ समजावा म्हणून २००९ साली घूर्णनमापकाची जोड मिळाली : त्यात अखंड कंप पावणारे वजन रिमोट वळताच आडव्या दिशेने ढळते. पुढच्याच वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने रिमोटच रद्द करून खेळाडूच्या अंगावर अवरक्त ठिपक्यांचे जाळे टाकले.

तरीही कोयनेच्या यंत्राप्रमाणेच मूळच्या रिमोटला हात दिसत नाही, फक्त धक्का कळतो. म्हणूनच त्याच्यावरील टेनिसमध्ये उभे राहून घाम गाळणाऱ्या वडिलांना कोचावर लोळत मनगट झटकणारे चिरंजीव खुशाल हरवू शकतात, आणि त्यात लबाडी काही नाही.