आमरीचा सोस

‘‘नुसतें पाहून येतों,’’ असें सांगून मी घराबाहेर पडलों कीं आमच्या वहिनी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढून गॅलरीच्या दाराशीं पसरून ठेवतात. परत येतांना माझ्या हातांत कुंडी असणार आणि तिच्यांतलें पाणी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ठिबकणार, हें त्यांना अनुभवानें पाठ झालें आहे. पुण्याच्या एम्प्रेस बागेंत दर वर्षीं जानेवारींत पुष्पप्रदर्शन भरतें. तेथें फुलें तेवढीं पाहावयाचीं आणि रोपें विकणाऱ्यांच्या रांगेवरून सरळ पुढें निघून जावयाचें, असा माझा दर खेपेचा संकल्प. तो बरींच वर्षें सिद्धीस गेला नाहीं.

मला सोस आहे तो ऑर्किडचा. मराठींत त्यास आमरी म्हणतात. माझ्या आजीच्या लेखीं मात्र झाडाच्या फांदीवर वाढणारें तें सारें बांडगूळ. तिला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. शास्त्रज्ञांनींहि आमरीच्या एका प्रसिद्ध गोताला ‘व्हँडा’ हें जें नांव दिलें तें संस्कृतांतील ‘वन्दा’ या शब्दावरून, आणि वन्दा म्हणजे बांडगूळच. वास्तविक आमरी दुसऱ्याच्या अंगावर राहते, पण त्याचें अन्न खात नाहीं. तिच्या मुळांवर स्पंजासारखें पांढुरकें आवरण असतें. त्याच्या योगानें पावसाचें पाणी आणि हवेंतला ओलावा ती स्वतः टिपून घेते. बिऱ्हाडकरू म्हणा, पण चूल वेगळी असलेली.

सात वर्षांपूर्वीं माझ्या पुतणीनें आपल्या पहिल्या पगारांतून फॅलेनॉप्सिसचें एक रोप मला आणून दिलें. संक्रांतीच्या सुमारास त्याच्या दांड्यावर पांढरीं फुलें उमललीं तीं गुढीपाडव्याला तशींच होतीं. गुलाब दोन दिवसांत मान टाकतो, पारिजातक तर सकाळ देखील धड काढीत नाहीं. आणि येथें हें फूल दोन महिने जागचें हालत नाहीं! असें एक रोप दारीं असतां दुसरें कां नसावें, हा प्रश्न मला पडला. तो पडावयास नको होता. पांच वर्षांत एकाचीं एकेचाळीस झालीं.

हा मोह सामान्य संसारी माणसाच्या आटोक्यांत आला त्याला फार दिवस झाले नाहींत. आमरीचें बीं धुळीसारखें असतें. एकेका बोंडांत लाखों बिया, पण एकींतहि कोंबाला पुरेल एवढी शिदोरी नाहीं. रानांत ठराविक बुरशीची सोबत मिळाली तरच तें रुजतें. हें रहस्य नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडलें. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत लुइस नड्सन यांनीं साखर व क्षार घातलेल्या आगराच्या बाटलींत बुरशीवांचून बीं रुजवून दाखविलें; आणि १९६० सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज मोरेल यांनीं कोंबाच्या शेंड्याच्या कणभर तुकड्यापासून हुबेहूब सारखीं अशीं अनेक रोपें करण्याची वाट दाखविली. बाटल्यांतून रोपें वाढूं लागलीं आणि किंमत उतरत गेली. ज्या फुलाकरितां एके काळीं सरदारांनीं समुद्रापार माणसें पाठविलीं, तें आज मंडईंतून परततांना भाजीच्या पिशवींत घालून आणतां येतें. पिशवींत जागा असते. घरांत आहे कीं नाहीं, हा विचार जिना चढतांना सुचतो.

त्या सरदारांपैकीं एकाची हकीकत मला फार आवडते. इंग्लंडांतील डेव्हनशरचा सहावा ड्यूक १८३३ सालीं लंडनच्या एका प्रदर्शनास गेला आणि फुलपाखरासारखें दिसणारें ऑन्सिडियमचें फूल पाहून भुलला. (प्रदर्शनें तेव्हांहि अशींच घातक होतीं.) पैशाची ददात नव्हती, आणि चॅट्सवर्थच्या त्याच्या बागेचा मुख्य जोसेफ पॅक्स्टन हा असामान्य बुद्धीचा माणूस होता. १८३५ सालीं त्यांनीं जॉन गिब्सन या तरुण माळ्यास हिंदुस्थानांत धाडलें. तो कलकत्त्यावरून खासी टेंकड्यांत गेला, चेरापुंजीच्या पावसांत हिंडला, आणि १८३७ मध्यें आमरीच्या कितीतरी जाती घेऊन परतला. डेंड्रोबियमच्या एका जातीस ड्यूकचें व दुसरीस गिब्सनचें नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं नव्या झाडांसाठीं उत्तर अमेरिकेस पाठविलेले दोन तरुण माळी कोलंबिया नदींत बुडून मेले. त्यांचीं नांवें फुलांच्या रसिकांपैकीं फारसें कोणी घेत नाहीं.

चॅट्सवर्थला आमरीसाठीं निराळीं कांचघरें होतींच. त्यांखेरीज १८३६ मध्यें पॅक्स्टननें उष्ण प्रदेशांतल्या वनस्पतींकरितां एक प्रचंड कांचघर बांधावयास घेतलें. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट! भट्ट्यांवर पाणी तापवून तें नळांनीं खेळवीत. १८४३ सालीं व्हिक्टोरिया राणी आली तेव्हां दिव्यांच्या रोषणाईंत तिची गाडी घोड्यांसह त्या कांचघराच्या आंतून फिरली. अशा घराची ऊब मात्र कोळशावर अवलंबून. पहिल्या महायुद्धांत कोळसा मिळेना, माणसें मिळेनात. आंतलीं झाडें गारठून मेलीं, आणि १९२० सालीं तें अवाढव्य कांचघर सुरुंग लावून पाडावें लागलें.

ड्यूकसाहेबांना जागा अपुरी पडली म्हणजे ते जागा बांधीत. आमच्या घरांत माणसें नऊ, मजले दोन आणि पूर्वेकडे तोंड असलेली गॅलरी एक.

कुंडी विकत घेतांना जी फसगत होते ती अशी कीं, आपण तिच्या आजच्या मापाची जागा मनांत धरतों. डेंड्रोबियमला बाजूनें नवे कोंब फुटत जातात. दोन वर्षांत मुळें कुंडीबाहेर येतात. जुन्या कांड्यांवर चिमुकलीं रोपें धरतात. हवाई बेटांच्या भाषेंतील ‘केइकी’, म्हणजे मूल, हाच शब्द बागवानांनीं त्यांना लावला आहे. आतां मूल म्हटल्यावर तें टाकवत नाहीं; त्यालाहि कुंडी आली. व्हँडाचीं मुळें टांगत्या टोपलींतून हात-दीड हात खालीं लोंबतात, आणि तीं डोक्याला लागूं नयेत म्हणून माणसानें वांकून जावयाचें. शिवाय झाड नुसत्या फळीवर राहत नाहीं, तें उजेडांत राहतें. आमच्या गॅलरींत सकाळचें ऊन जेमतेम चार तास. कठड्यालगतची पहिली रांग तें घेई, दुसरीला उष्टें मिळे, तिसरी नुसतीच हिरवी राही. फूल येईना म्हणजे मला वाटे, ही जात चांगली नाहीं; दुसरी आणावी.

दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत या साऱ्याचा हिशेब चुकता झाला. संततधार लागली होती. कुंडीला कुंडी चिकटलेली, वारा शिरावयास बोटभर फट नाहीं. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यांत पाणी रात्रभर सांचून राहिलें आणि सकाळीं पानांच्या बुडाशीं काळे डाग दिसले. पान धरावें तों तें हातांत यावें, व त्याला कुजकट वास यावा. एकाचें पाहून दुसरें असें करीत तीन आठवड्यांत नऊ रोपें गेलीं. त्यांत पुतणीनें दिलेलें पहिलें रोपहि गेलें. कुंड्यांमध्यें वीतभर अंतर असतें तर बहुतेक वांचलीं असतीं.

मी गॅलरींत बसून कुजका भाग कापीत होतों. ‘‘यांना ऊन पुरत नाहीं,’’ असें कांहींसें पुटपुटलों असेन. वहिनी वाळत घातलेले कपडे आंत घेत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आप्पांचं ऊन घेऊनसुद्धा पुरत नाहीं का हो?’’

आमचे वडील, आप्पा, तेव्हां चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. स्नानसंध्या आटोपली कीं पूर्वेच्या गॅलरींत आरामखुर्ची टाकून, कोंवळ्या उन्हांत पाय सोडून ते वर्तमानपत्र वाचावयाचे. हा क्रम माझ्या कळत्या वयापासूनचा. पहिली रांग कठड्याशीं आली तेव्हां खुर्ची भिंतीकडे सरकली. फळ्यांचा मांडव आला तेव्हां ती दाराशीं गेली. मग केव्हां तरी ती माजघरांत विजेच्या दिव्याखालीं आली, आणि मला इतकेंच वाटलें कीं, वयोमानानें त्यांना आतां ऊन सोसत नसावें. ते एका शब्दानें कांहीं बोलले नव्हते. मी त्यांच्यापुढें जाऊन उभा राहिलों, तर माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, ‘‘अरे, फुलं छान येतात तुझीं. मला दिव्याखालीं वाचतां येतं कीं.’’

त्याच दिवशीं फळ्या उतरविल्या. आधीं आप्पांची खुर्ची पाय पसरण्याइतकी जागा धरून मांडली, मग कपड्यांची दोरी पूर्ववत् बांधली, आणि उरलेल्या कठड्यावर वीत-वीत अंतर सोडून कुंड्या लावून पाहिल्या. चौदा बसल्या. उन्हाळ्यांत व्हँडाला रोज सकाळीं न चुकतां भिजवावें लागतें, आणि मला महाविद्यालयांत जाण्यापूर्वीं अर्धा तास मोकळा असतो. त्याहि हिशेबानें चौदांच्या वर जमण्यासारखें नव्हतें. बाकीचीं अठरा रोपें द्यावयाचीं ठरलीं. मरतुकडीं तेवढीं बाजूला काढावींत असा माझा बेत होता, पण आमच्या मंडळींनीं तो ओळखला. ‘‘अहो, दुसऱ्याच्या घरीं द्यायचं तें फुलणारं द्यावं,’’ असें त्या म्हणाल्या आणि माझा आवडता जांभळा डेंड्रोबियम पहिल्यानें उचलला. त्या अठरांपैकीं किती जगलीं याची चौकशी मी करीत नाहीं.

रत्नागिरीकडील आमच्या गांवच्या घरामागें एक जुना आंबा आहे. त्याच्या फांद्यांवर सीतेची वेणी आहे, हीहि आमरीच. मे अखेरीस तिचे गुलाबी-पांढऱ्या फुलांचे भरगच्च घोस खालीं लोंबतात. आसामांत हिलाच ‘कपौ फूल’ म्हणतात, आणि बिहूच्या सणांत तेथील मुली ती केसांत माळतात. आंब्यावरच्या वेणीला कोणी पाणी घालीत नाहीं, कीं कोणी तिची जागा मोजीत नाहीं. गेल्या खेपेस गांवच्या एका मुलानें फांदीसकट तोडून देऊं कां, असें विचारलें. ड्यूकच्या आणि त्याच्या मागच्या काळांत फुलवेड्यांच्या माणसांनीं अशींच रानेंच्या रानें ओरबाडलीं. १९७५ पासून अमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें आमरीच्या साऱ्या कुळाच्या परदेशव्यापारावर नियंत्रण आणलें तें यासाठींच. मुलाला मीं नको म्हटलें, आणि झाडाखालीं बराच वेळ वर पाहत उभा राहिलों.

यंदाच्या जानेवारींत मी पुन्हां प्रदर्शनाला गेलों. एका विक्रेत्यापाशीं निळ्या जाळीदार फुलांचा व्हँडा होता. तो हातांत घेतला, खालीं ठेवला, पुन्हां घेतला. चौदांतलें कोणतें रोप काढावें याचा विचार करीत दोन फेऱ्या मारल्या, आणि शेवटीं तसाच बाहेर पडलों. घरीं आलों तों दाराशीं वर्तमानपत्रें पसरलेलीं होतींच. आप्पांनीं खुर्चींतून माझ्या हातांतल्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलें आणि उन्हांत सोडलेले पाय हळूच आंत ओढून घेतले.

पिशवींत पेरू होते.